चांदीची धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाचं कडं चढवतात, ती धाव. आमचे आबाजी सांगायचे की एके काळी वऱ्हाडातल्या काही कास्तकारांनी ही धाव चांदीची करून घेतली होती. नांगराचे फाळसुद्धा चांदीचे. लहानपणी मला ती परीकथा वाटे. पुढे कळलं की त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणातही ही गोष्ट येते. कापसाच्या पैशानं इकडची माणसं कशी हुरळून गेली होती, याचा मासला म्हणून. त्यांनी ती धाव डोळ्यांनी पाहिली, की त्यांनाही कुण्या पाटलाच्या ओसरीवर ऐकायला मिळाली, देव जाणे. चांदी मऊ. आमच्या काळ्या मातीत, त्यातून पावसाळ्यात, ती एक हंगामही टिकली नसती. मला विचाराल तर कुणी केलीच असेल तर शंकरपटापुरती केली असेल, चार गावांनी बघावी म्हणून.

पण पैसा आला होता, हे खरं. 1861 साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथल्या दक्षिणेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईचे आडते खामगाव, अमरावती करत वऱ्हाड धुंडाळू लागले. 1853 सालीच निजामानं हा मुलूख इंग्रजांच्या हाती दिला होता. कापसाचे भाव कुणी स्वप्नातही पाहिले नव्हते इतके चढले. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' हे अभिमानानं म्हणायचे दिवस ते. 1865 च्या एप्रिलात तिकडची लढाई आटोपली, जुलैच्या पहिल्या तारखेला मुंबईत शेअरांचा फुगा फुटला आणि प्रेमचंद रायचंदसारखा धनकुबेर रस्त्यावर आला. आमच्याकडून जाणारा रेल्वेचा फाटा पार नागपूरला पोचला तो 1867 साली. म्हणजे गाडी धावायला लागली तेव्हा भाव खाली आलेला होता.

आबाजींच्या गोष्टींची एक खोड होती. बुडालेल्या घराची गोष्ट ते कधी दुष्काळापासून सुरू करत नसत. सुरुवात ठरलेली: "त्या सालची सुगी लय चांगली होती." मग सागवानी वाडा उठायचा, पाच-पाच दिवसांचं लग्न व्हायचं, गावजेवणं, कलावंतिणीची बैठक, आणि धुऱ्यावरच्या हातभर जमिनीसाठी सख्ख्या भावावर अमरावतीच्या कोर्टात दावा. वाईट साल गोष्टीत अगदी शेवटी यायचं, नुसतं दार लोटायला. "पैसा येते तवा हुश्यार राहा लागते," ते म्हणायचे, "जाते तवा काय, तो जातेच."

हे नुसतं म्हाताऱ्याचं शहाणपण नव्हतं, त्याला कागदाचा आधार आहे. 1860 नंतर वऱ्हाडात जमिनीची मोजणी झाली आणि रयतेच्या नावावर खातं लागलं. जमीन विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. हक्क म्हणून ही मोठी गोष्ट होती. पण ज्या जमिनीवर पूर्वी कुणी फारसं कर्ज देत नव्हतं, तिच्यावर आता सावकार आपणहून द्यायला तयार झाला, कारण बुडालं तर शेत होतं ना. कापूस तेजीत असताना माणसानं तेजीच्या अंदाजानं उचल केली आणि मंदीत ती फेडायला बसला. दोष एकट्या सावकाराला देणारे इतिहास मी वाचले आहेत, एकट्या कास्तकाराला देणारेही. आबाजी दोघांनाही शिव्या घालत, म्हणून मला त्यांचा इतिहास जास्त पटतो.

उचल नेहमी रोख असायची असंही नाही. मृगाच्या तोंडावर घरातली ज्वारी संपायची. सावकाराच्या पेवातून पायलीनं घ्यायची आणि सुगीला परत करायची, ती सवाईनं नाहीतर दिढीनं. सवाई म्हणजे चार पायल्यांच्या पाच. तीन सुग्या थकलं की मूळ माप जवळजवळ दुप्पट. दिढीनं घेतलं असेल तर दोनच सुग्यांत सव्वादोनपट. हा हिशेब आबाजी बोटांच्या पेरांवर करून दाखवत. आज मुदत ठेवीचा दर पाव टक्का वर की खाली यावर आम्ही घरात वाद घालतो, तेव्हा मला ती पेरं आठवतात. ज्या मुलखात अर्ध्या वर्षाला पंचवीस टक्के द्यावे लागत, तिथे कर्ज न काढणं हीच सगळ्यात मोठी कमाई होती. तेवढं व्याज देणारी बँक आजवर निघालेली नाही.

आमच्या वऱ्हाडात हे ज्यानं आयुष्यभर ओरडून सांगितलं तो माणूस आमच्याच बाजूचा. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव, घर परटाचं. बाप दारूनं गेला. आई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला. मामाची शेती होती, पिकवणारा भाचा मिळाल्यावर ती चांगलीच पिकू लागली. आणि तीच सावकाराच्या कागदात अडकली. आमच्याकडे सांगतात ते असं की मामा पैसे देत गेला, पावती कधी घेतली नाही, आणि फिटलं असं वाटत असताना एक दिवस शेताचा ताबा घ्यायला माणसं आली. डेबूजी औत सोडून हलला नाही, म्हणतात. ज्याला अक्षर ओळखता येत नव्हतं त्याला कागदानं नागवलं. पुढे शाळांसाठी हा माणूस एवढा का पेटला, ते इथं कळतं.

त्याच्या पहिल्या मुलीच्या बारशाची गोष्ट तर आमच्या घरी इतक्यांदा सांगितली गेली की ती आमच्याच घरातली वाटावी. जातीची रीत अशी की बारशाला बकरं कापायचं आणि दारू पाजायची. नसेल ऐपत तर कर्ज काढायचं. डेबूजीनं गोडाचं जेवण वाढलं. पंगत बिघडली, जातवाले संतापले. माझी आजी हे सांगताना हमखास म्हणायची, "बाप्पा, केवढी हिंमत!" तिला संतपणापेक्षा ती हिंमत मोठी वाटे. चार भाऊबंद रागावतील या भीतीनं घेतलेलं कर्ज तिनं माहेरी पाहिलं होतं.

1905 साली डेबूजीनं घर सोडलं आणि अंगावर चिंध्या, हातात खापर नि खराटा घेऊन तो गाडगेबाबा झाला. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौषात जत्रा भरते. तिथं येणाऱ्यांचे पाय चिखलात रुततात म्हणून त्यानं घाट बांधायला घेतला. आबाजींनी त्याचं कीर्तन दर्यापूरकडे ऐकलं होतं. ते कीर्तन म्हणजे प्रश्नोत्तरं. बुवा विचारणार, लोक ओरडून उत्तर देणार, आणि बघता बघता लोक स्वतःच्याच तोंडानं स्वतःला मूर्ख ठरवणार. सणासाठी, लग्नासाठी, तेरवीसाठी कर्ज काढू नका. ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. आबाजी म्हणत, हसून हसून पोट दुखायचं आणि घरी जाताना कुणी बोलायचं नाही.

मला या माणसात एक वेगळीच गोष्ट दिसते. काटकसर सांगणारे पुष्कळ असतात, पण ती बहुधा स्वतःच्या पेटीसाठी. याच्या हातून लाखो रुपये गेले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली, ती 1949 साली त्यानं बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. नाशिक, आळंदी, मुंबई, जिथं गेला तिथं गरिबाला पाठ टेकायला जागा केली. स्वतःच्या बायकोमुलांना मात्र त्या एकाही धर्मशाळेच्या सावलीला राहू दिलं नाही. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीजवळ वलगावला त्याचा शेवट झाला. अमरावतीच्या विद्यापीठाला आता त्याचं नाव आहे.

आमच्या घराला काटकसर शिकवली ती मात्र गाडगेबाबांच्याही आधी, 1899-1900 च्या दुष्काळानं. आबाजींचे वडील तेव्हा पोरसवदा होते, खडी फोडायच्या कामावर गेले होते. कापसाच्या नादानं ज्वारीचं रान कमी झालं होतं, आणि पाऊस रुसला तेव्हा घरात पैसा असलेल्यांनाही धान्य मिळेना. मोठे झाल्यावर त्यांनी एक नेम घातला: कापसाला काहीही भाव येवो, तिसरा हिस्सा रान ज्वारीचं. आणि पेवात दोन सालांची ज्वारी असल्याशिवाय नवी विकायची नाही. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार, बाटलीसारखं, तोंड अरुंद आणि पोट मोठं. उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही. वाफ कोंडलेली असते, माणूस गुदमरतो. कंदील सोडून बघायचा, विझला नाही तर उतरायचं. जुनी ज्वारी काळवंडायची, भाकरीला उग्र वास यायचा. नवी सोन्यासारखी ज्वारी कणगीत दिसत असताना आम्ही जुनी खायचो, असं आबाजी तक्रारीच्या सुरात सांगत. ही तक्रार अभिमानाची होती, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाण्यातून हा पट्टा जातो. खाली पाणी आहे पण खारं. विहीर खणली तर पिकाला ते पाणी चालत नाही, माणसालाही नाही. दुसरीकडचा शेतकरी चार पैसे साठले की विहीर बांधतो, मळा करतो, पैशाला कामाला लावतो. आमच्याकडे तो रस्ताच बंद. साठलेल्या पैशानं एकतर शेजारचं रान घ्यायचं, नाहीतर अकोल्याच्या सराफ्यात जायचं. वऱ्हाडी माणूस सोन्याचा नि जमिनीचा हावरा, असं बाहेरचे म्हणतात. त्यांनी आमच्या विहिरीचं पाणी एकदा तोंडात घेऊन बघावं.

आबाजींचा नियम असा की कापूस विकला की आठ दिवस बाजाराचं तोंड बघायचं नाही. "इकला का आठ रोज बजारात जाऊ नोको." पैसे आणून देवघराच्या फळीवर ठेवायचे. आधी पुढच्या सालची सरकी, मग सालदाराचे, मग शेतसारा, मग दुकानदाराची उधारी. आठ दिवसांनी जे उरेल ते खरं आपलं. काही सालं कापूस विकायचाच नाही, भाव येईपर्यंत घरात भरून ठेवायचा. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत पांढरा ढीग. पाहुण्या पोरांना त्यावर लोळायची कोण हौस, आणि रात्री सगळी अंग खाजवत रडायची. कापसात बारीक किडे असतात, त्यांनी अंगावर गांधी उठतात. आजी खोबरेल लावायची आणि पुटपुटायची, भाव आला नाही तर ही खाजच पदरात पडणार. कधी कधी तेवढीच पडली.

आजीची बचत वेगळी. ती पिठाच्या डब्यातून रोज एक मूठ मागे टाकायची. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची, वाकळ फाटली की पोतेरं. तिच्या सोन्याला एकच नियम: लग्नासाठी मोडायचं नाही, शेत घ्यायचं असेल तर मोडायचं. 1963 साली सरकारनं चौदा कॅरेटच्या वर दागिने घडवायला बंदी केली तेव्हा तिनं आपली एकदाणी काढून म्हणे दिवसभर उलटीपालटी करून बघितली, हिच्यातला कस सरकार काढून तर नेणार नाही ना! तिच्या एकदाणीनं पुढे तीन एकर आले. सातबारावर नाव अर्थात आबाजींचं लागलं.

याच्या पलीकडची गोष्ट आमच्या घरात कुणी गोष्ट म्हणून सांगत नाही. माझी आत्या सातवीत पहिली आली होती. पुढची शाळा मूर्तिजापूरला, म्हणजे राहणं-खाणं आलं. त्या साली शेजारचं रान विकायला निघालं होतं. रान घेतलं. आत्या आता थकली आहे. काकांच्या वाट्याला आलेल्या त्या रानाचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते. आजीचा मोतीबिंदूही असाच वर्षानुवर्षं 'पुढच्या सुगीला' राहिला. घराण्याची श्रीमंती उभी राहिली ती कुणी कमी खाल्लं, कुणी कमी शिकलं त्यावर, आणि हे कमी खाणारे-शिकणारे कोण असावेत हे घरात कधी मतानं ठरलं नाही. काटकसरीचे पोवाडे गाताना हे कडवं गाळायची सोय मला तरी घेता येत नाही.

नुसत्या घरच्या शिस्तीनं सगळं भागतं असंही नाही. वजनात काटा मारला गेला तर वर्षाची बचत एका सकाळी जाते. कारंज्याला 1886 साली कापसाचा बाजार नियमाखाली आला, देशातला पहिला; आणि 1897 साली वऱ्हाडासाठी कापूस नि धान्यबाजाराचा कायदा झाला. 1930 च्या मंदीत कापूस कवडीमोल झाला तेव्हा निगुतीनं संसार करणारेही बुडाले. त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या मंत्रिमंडळात पापळचे पंजाबराव देशमुख होते. 1933 च्या कर्ज लवाद कायद्याशी त्यांचं नाव आमच्याकडे कायमचं जोडलं गेलं आहे. सावकार आणि ऋणको समोरासमोर बसवून कर्ज छाटायचं, अशी ती कल्पना. पण आबाजींच्या लेखी पंजाबरावांचं मोठं काम त्याच सुमाराचं दुसरं: 1932 ची श्री शिवाजी शिक्षण संस्था. तिच्या शाळेत माझे वडील शिकले आणि मास्तर झाले. आमच्या घरात दर महिन्याला ठरलेला पैसा पहिल्यांदा आला तो असा.

वडिलांची बचत पोस्टाची. शाळेत संचयिका होती, पोरांच्या दहा-वीस पैशांची नोंद ते ठेवत, आणि स्वतःचं आवर्ती खातं कधी चुकवत नसत. 1988 साली किसान विकास पत्र आलं, साडेपाच वर्षांत दुप्पट. आबाजींनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "आन् जमीन कोनाची गहान?" कुणाचीच नाही, सरकार आपलं देणं लागतं, हे ऐकून ते बराच वेळ हसत होते. सावकाराच्या जागी आपण आणि ऋणको सरकार! पुढे गावात एक कंपनी तीन वर्षांत दुप्पट देते म्हणून आली. वडील गेले नाहीत, चुलते गेले. कंपनीचं टाळं लागलं तेव्हा चुलत्यांकडे छापील पावत्या अगदी व्यवस्थित होत्या. डेबूजीच्या मामाच्या काळात पावती नव्हती म्हणून बुडालं, यांचं पावतीसकट बुडालं.

आणि 2006 साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं, त्यात अमरावती आणि अकोलाही होते. आत्महत्या केलेल्यांत उधळे होते असं शहरात बसून म्हणणारे मी ऐकले आहेत. आमच्या पंचक्रोशीतली जी घरं मला ठाऊक आहेत, ती चहात साखर मोजून घालणारी होती. दोन एकर कोरडवाहू, एक आजारपण, एक रुसलेला पाऊस. एवढ्याशा रानात चांगलं सालच येत नाही, तर त्या सालात सावध कुणी राहायचं? आबाजींचं तत्त्व चाळीस एकरांचं होतं. ते चार भावांत, मग त्यांच्या मुलांत वाटलं गेलं. काटकसर सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली, रान नाही.

बचत गटांवरच्या पुस्तिकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत एक वाक्य हमखास सापडतं: महाराष्ट्रातला पहिला बचत गट 1947 साली अमरावती जिल्ह्यातल्या बायकांनी पंचवीस-पंचवीस पैसे जमवून सुरू केला. आता रुपया शंभर पैशांचा झाला 1957 साली. त्याआधी आणे होते. तेव्हा त्या बायकांनी जमवले असतील तर चार आणे जमवले असतील. पण पुस्तिकावाल्यांवर मी रागावत नाही. 1992 साली नाबार्डनं गटांना बँकेशी जोडलं, त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडच्या बायका भिशी, मूठभर धान्य, कुणाच्या तरी पेटीत ठेवलेले सामाईक पैसे, असं काहीबाही करतच होत्या. त्याची नोंद कोण ठेवतो!

गावात वहिनी गटाची सचिव आहे. दर महिन्याला शंभर रुपये, आतल्या आत कर्ज शेकडा दोननं, आणि व्याज वाटून पुन्हा सगळ्यांचंच. गेल्या उन्हाळ्यात मी बैठकीला बसलो होतो. एकीला मुलीच्या साक्षगंधासाठी चाळीस हजार हवे होते. मंडप, डीजे, तीनशे माणसांचं जेवण. वहिनीनं विचारलं, शिलाई मशीनला मागशील का? देऊ. बियाण्याला? देऊ. डीजेला नाही. "मंग लोक काय म्हनतीन?" ती म्हणाली. वहिनी म्हणाली, "जेवतीन अन् मंग म्हनतीन. नाई जेवले तरी म्हनतीन." सगळ्या हसल्या, तीही हसली. ठराव लिहिला गेला, अंगठे-सह्या झाल्या. बुधवारी छोट्या कर्जांच्या कंपनीचा पोरगा मोटरसायकलवरून गावात येतो. त्यानं तिला पन्नास दिले, मागितल्यापेक्षा दहा जास्त. हप्ता दर आठवड्याला आहे.